तीन लाख चाललेली पिकअप

गाडी वाईट निघावी म्हणून मी देवाला साकडं घातलं होतं. लोक गाडी बघायला जाताना चांगली मिळू दे म्हणतात. मी त्या रविवारी सकाळी हात जोडून म्हणाले, क्लच गेलेला असू दे, खालून गंजून चाळण झालेली असू दे, इंजिनातनं धूर निघू दे, काहीही कर, पण ह्यांच्या तोंडून ‘नको’ येऊ दे. असलं मागणं देवानं तरी आधी कधी ऐकलं असेल का, कोण जाणे.

आमचं घर बेंगलुरात, राजाजीनगरात. लग्न होऊन मिरजेहून इथे आले तेव्हा मला कन्नडचा गंध नव्हता. आता भाजीवाल्याशी मी कन्नडमध्ये भांडते आणि घरी ‘आमटीत स्वल्प मीठ कमी झालं’ म्हणते. हे इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. रिटायर झाले आणि दिवसभर माझ्या पायात पायात येऊ लागले. डबे पुसून ठेव, नळाचा वॉशर बदल, पंख्याचा आवाज ऐकत बस. त्याच सुमाराला शेजारणीची भाची शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला, नोकरीसाठी आली, तिथल्याच एका पीजीत राहायला लागली आणि तिथल्या जेवणाला विटली. एका रविवारी आमच्याकडे पिठलं-भाकरी जेवली आणि म्हणाली, ‘काकू, डबा द्याल का हो?’ तिथून सुरुवात झाली. मग तिच्या मैत्रिणी, मैत्रिणींचे ऑफिसवाले. बघता बघता माझ्या स्वयंपाकघरात दोन बायका पोळ्या लाटायला आल्या आणि डब्यांचे क्रेट जिन्यापर्यंत पोचले.

डबे घेऊन जायला मालवाहू रिक्षा ठरवलेली होती. तो रिक्षावाला म्हणजे एक नमुना. फोन केला की ‘बंदे अक्का, बंदे’ म्हणायचा. बंदे म्हणजे आलोच. आणि अजून अंघोळसुद्धा केलेली नसायची. तिकडे मारतहळ्ळीची पोरं भुकेली, इकडे माझा जीव टांगणीला. एकदा तो आलाच नाही, तर ह्यांनी आमच्या छोट्या कारमध्ये मागे, पुढे, माझ्या मांडीवर, मिळेल तिथे डबे कोंबले आणि आम्ही दोघं गेलो. परत येताना हे म्हणाले, ‘आपली स्वतःची पिकअप घेऊ या. जुनी मिळाली तरी चालेल. मी चालवतो रोज.’

मी ‘बघू’ म्हणाले. ‘बघू’ म्हणण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आनंद झाला होता. कित्येक महिन्यांनी त्यांच्या आवाजात जोर आला होता. रोज सकाळी ते फोनवर जुन्या पिकअपचे फोटो बघायचे, चष्मा कपाळावर सरकवून मला बोलवायचे, ‘अगं, ही बघ, हौदा कसा लांबरुंद आहे, तुझे सगळे क्रेट बसून वर जागा उरेल.’ मी पीठ भरलेल्या हातांनी जाऊन बघायचे. माणूस कामाला लागला, मला बरं वाटलं.

आणि मग ते डोम्लूरच्या पुलाजवळचं झालं.

त्या दिवशी पण आम्ही कारनंच डबे पोचवून परत येत होतो. सिग्नल लाल होता. हिरवा झाला. गाडी हलेना. मला वाटलं, बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले, एक बाईकवाला काच ठोकून काहीतरी बोलून गेला. मी ह्यांच्याकडे बघितलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, इंजिन चालू, नजर समोर. आणि माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात, पाणी मागावं तसं विचारलं, ‘आपण कुठं चाललोय?’

ज्या रस्त्यानं हे सबंध नोकरीभर गेले-आले, त्या रस्त्यावर. मी म्हटलं, ‘घरी. सरळ घ्या.’ त्यांनी गाडी सरळ घेतली, गिअर टाकले, पुढे सगळं नीट. घरी आल्यावर चहा मागितला. मला वाटलं, दमले असतील, ऊन होतं. पण पुढच्याच आठवड्यात ते आपल्याच घराची गल्ली सोडून पुढे गेले, पार पुढच्या सर्कलपर्यंत, आणि मी ‘अहो, अहो’ केल्यावर म्हणाले, ‘जरा फिरून जाऊ म्हटलं.’ मी हसले. हसले म्हणजे काय, तोंड वासलं फक्त.

कुणाला सांगणार? मुलगी पुण्याला. तिला एक शब्द कळला असता तर दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिली असती, ‘बाबा, किल्ली द्या’ म्हणत. आणि घरात तोंड उघडायची सोय नाही, कारण हे सतत घरात. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणे, ‘बीपी नॉर्मल आहे, शुगर नॉर्मल आहे, कशाला उगाच?’ पण एक गोष्ट मी मनाशी पक्की ठरवली, ही पिकअप घरात येऊ द्यायची नाही. डब्यांनी भरलेली अवजड गाडी, रिंग रोडची ती वाहनं, ती शाळेच्या बसमधली पोरं, आणि स्टिअरिंगवर हे. रात्री डोळा लागायचा नाही मला. पण ‘तुम्ही चालवू नका’ हे त्यांना तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. त्यापेक्षा गाडीलाच नावं ठेवणं सोपं होतं.

पहिली पिकअप बघितली तिच्यातून मासळीची ने-आण व्हायची. मी लगेच नाक दाबलं, ‘ह्यात माझे वरणभाताचे डबे? छे!’ ती बाद. दुसरी ठोकलेली होती, दार लावलं की फटीतनं उजेड दिसायचा. ती तर ह्यांनीच सोडली. मी सुटकेचा श्वास टाकते न टाकते तोच ही तिसरी आली. मीटरवर तीन लाखांच्या वर किलोमीटर. मी ऐकलं आणि हायसं वाटलं. म्हटलं, चला, तीन लाख चाललेली गाडी हे कशाला घेतायत. जन्मभर यंत्रांत घालवलेला माणूस, बघताक्षणीच हात झटकेल.

कामाक्षीपाळ्याच्या आत, एका गोडाऊनशेजारच्या मोकळ्या जागेत ती पिकअप उभी होती. पांढरी, मधे मधे पिवळट पडलेली, मागच्या फाळक्यावर लिंबू-मिरची. मालक आमच्यापेक्षा थोडा लहान, पन्नाशीचा, लुंगी आणि स्वच्छ शर्ट, कपाळावर गंध. स्वभावानं कमी बोलणारा. ‘बन्नी सार, बन्नी अम्मा,’ एवढं म्हणून त्यानं खुर्च्या मांडल्या. बाहेरगावाहून फुलांचा माल मार्केटात पोचवायचा त्याचा धंदा होता. आता मोठी गाडी घेतली म्हणून ही काढायची.

हे खुर्चीत बसले नाहीतच. बाह्या सरसावल्या, खिशातला टॉर्च काढला आणि सरळ गाडीखाली डोकं घातलं. मग बॉनेट उघडून ऑइलची पट्टी ओढली, बोटांना लावून चोळली, वास घेतला. इंजिन चालू करायला लावून ऑइलचं झाकण काढलं आणि धूर येतो का ते बघत उभे राहिले. मी बाजूला हाताची घडी घालून, मनात धूर, धूर, धूर म्हणत. धूर काही आला नाही.

‘इकडे ये,’ त्यांनी मला हाक मारली. ‘हे ब्रेकच्या पेडलचं रबर बघ. पार गुळगुळीत झालंय. आणि मीटर पण तेवढंच सांगतोय. ह्यानं मीटर मागं फिरवलेला नाही. फसवायचं असतं तर पहिलं काम ते केलं असतं.’

‘पण तीन लाख म्हणजे...’

‘तीन लाख हायवेचे. रात्रीच्या मोकळ्या रस्त्याचे. शहरातल्या एक लाखापेक्षा बरे. आणि इंजिन एकदा पूर्ण उघडून केलंय, आवाज ऐक की.’

मी काय डोंबलाचा आवाज ऐकणार? मला माझ्याच छातीतली धडधड ऐकू येत होती. माझा एकमेव भरवसा तो मीटर, आणि ह्यांनी त्याचंच प्रमाणपत्र करून टाकलं.

तेवढ्यात मिरजेहून ताईचा फोन आला. माझी थोरली बहीण. ‘काय गं, घेतली का गाडी?’ म्हणाली. मी गाडीच्या मागच्या बाजूला गेले. हे पुढे बॉनेटमध्ये वाकलेले, इंजिन चालू, त्यांना काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. मालक तिथेच फाळक्याजवळ दोरी गुंडाळत उभा होता. पण त्याचं काय? इतकी वर्षं ह्या गावात काढल्यावर आम्हा मंडळींना एक खोड जडलीय. मराठी म्हणजे आमची आतली खोली. दुकानदारासमोर ‘किती लुटतोय बघ मेला’ म्हणायचं, डॉक्टरसमोर ‘ह्याला काही कळत नाही, दुसरीकडे जाऊ’ म्हणायचं, आणि वर हसून कन्नडमध्ये ‘सरी, सरी’, म्हणजे बरं बरं, करायचं. रस्त्याच्या मधोमध उभं राहून घरातलं बोलायला आम्हाला काही वाटत नाही.

तर मी बोलले. कितीतरी दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्या मोकळ्या जागेत बाहेर पडलं. ‘ताई, गाडी चांगली आहे गं. तीच तर पंचाईत आहे. गाडी चांगली आहे आणि माणूस बिघडलाय. ह्यांना रस्ते आठवत नाहीत. सिग्नलला उभे राहून मला विचारतात, कुठं चाललोय. मी कुणाला बोलले नाही. कसं सांगू गं त्यांना, की तुम्ही आता गाडी चालवू नका? त्यांचं काय राहील मग? आणि नाही सांगितलं आणि एखाद्या लेकराच्या अंगावर गाडी घातली तर? मी काय करू?’ ताई तिकडे ‘अगं बाई, अगं बाई’ करत होती. मी पदरानं डोळे पुसले. मालकानं दोरी गुंडाळायची थांबवली होती, पण बाई रडली की पुरुष थांबतोच, मी लक्ष दिलं नाही.

फोन ठेवून पुढे आले तर ह्यांचा चेहरा उजळलेला. ‘एक चक्कर मारून बघू,’ ते म्हणाले.

आल्या आल्या मालकानं स्वतःच किल्ली पुढे केली होती, ‘ओडिसि नोडि सार,’ चालवून बघा म्हणून. आता मात्र तो किल्ली देईना. म्हणाला, मी चालवतो, तुम्ही बाजूला बसा. ब्रेक थोडा एका बाजूला ओढतो. गिअर मधेच अडकतो. मग म्हणाला, खरं म्हणजे गाडी जुनी झालीय सार, तुमच्या वयाला नवीन घ्या, स्टिअरिंग हलकं असलेली.

हे माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, ‘स्वतःच्याच गाडीला नावं ठेवणारा माणूस जन्मात पहिल्यांदा बघतोय. दुसरं कुणीतरी गिऱ्हाईक आलेलं दिसतंय ह्याच्याकडे. म्हणून मला टाळतोय. म्हणजे गाडी नक्कीच चांगली.’ आणि हात पुढे करून किल्ली घेतलीच. इंजिनिअर माणसाचं डोकं कुठून कुठे जाईल, सांगता येत नाही.

हे स्टिअरिंगवर, मी मधे, दाराकडे मालक. गाडी निघाली आणि मी पुढची पट्टी घट्ट धरली. खोटं कशाला बोलू, हे छान चालवत होते. अरुंद गल्लीतनं, उभ्या रिक्षांमधनं, गाईला वळसा घालून. ब्रेक बिलकुल ओढत नव्हता, गिअर लोण्यासारखे पडत होते. हे खुशीत. ‘बघ, बघ,’ म्हणत होते. मला वाटायला लागलं, मीच उगाच घाबरतेय का? दोनदाच तर झालं. कुणाचं नाही होत? मीसुद्धा स्वयंपाकघरात जाऊन, कशाला आले होते म्हणून उभी राहतेच की. माझ्या मुठी सैल झाल्या.

आम्ही मागडी रोडला लागलो. पुढच्या चौकातनं डावीकडे वळून पुन्हा गोडाऊनकडे यायचं, एवढीच चक्कर होती. तासाभरापूर्वी कारनं आलो तो हाच चौक. सिग्नल हिरवाच होता. हे चौकाच्या मधोमध पोचले आणि थांबले. मधोमध. उजवीकडनं सिग्नल तोडून बस येत होती, तिचा हॉर्न लांबूनच सुरू झाला. मागच्या रिक्षांचे हॉर्न. ह्यांचे हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर. ओठ हलले, ‘आता... आता कुठल्या बाजूला?’

डोम्लूरला निदान माझा आवाज तरी फुटला होता. इथे तोही नाही.

‘डावीकडं घ्या, सायेब,’ माझ्या डाव्या कानाशी आवाज आला. ‘सावकाश. घाई न्हाई. बस थांबलीया. घ्या डावीकडं. हां. असंच. आता सरळ जाऊ द्या.’

अगदी निपाणीकडची मराठी. तो म्हणत गेला तसं हे करत गेले. गाडी वळली, सरळ झाली, बस मागनं बोंबलत निघून गेली. मालकानं हात हलकेच स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवलेला होता, माझ्या पुढ्यातून, ह्यांच्या लक्षातही येणार नाही असा. गोडाऊन येईपर्यंत त्यानं तो काढला नाही.

आणि हे काय म्हणाले असतील? घामेजलेल्या चेहऱ्यानं हसून म्हणाले, ‘अरे! तुम्ही मराठी? कुठले?’

‘निपानीचा, सायेब.’

‘मग आधी बोलला नाहीत ते! आम्ही इकडे कन्नडमध्ये झटापट करतोय. अगं, हे निपाणीचे निघाले!’

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. फोनवर बोललेला माझा एकेक शब्द डोक्यात फिरायला लागला. माणूस बिघडलाय. मी बिघडलाय म्हणाले होते, माझ्या नवऱ्याला, परक्या माणसाच्या कानाशी उभं राहून. ह्या माणसानं आता तोंड उघडलं तर? गप्पांच्या ओघात ‘वैनी फोनवर म्हणत हुत्या’ असं निघालं तर? हे निपाणीच्या बाजाराच्या, तंबाखूच्या गोष्टी काढून बसले होते आणि मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होते, ते कधी उघडतंय म्हणून.

गाडी लावली. ‘ठरलं,’ हे उतरत म्हणाले. ‘हीच घ्यायची.’ आणि हाताचं ऑइल धुवायला पलीकडच्या नळावर गेले.

मला काय झालं कळलं नाही, मी त्या मालकावरच उखडले. दबक्या आवाजात, पण चांगलीच. ‘मराठी येतं तर आधी सांगायला काय झालं होतं? आमच्या घरातलं चोरून ऐकता?’

‘तुमी इचारलं कुठं, वैनी?’ तो म्हणाला. रागावला नव्हता. ‘चोरून न्हाई आईकलं. कान हायत, काय करू?’

‘म्हणून गाडीला नावं ठेवत होतात?’

त्यानं हो म्हणून मान हलवली.

‘मग देऊ नका ना त्यांना गाडी,’ मी म्हटलं. आता माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मी हातच जोडले. ‘दुसऱ्याला विकली म्हणा. काहीही सांगा. तुमचे उपकार होतील.’

त्यानं नळाकडे बघितलं. ‘मी न्हाई म्हणालो तर ते फुडल्या रविवारी दुसरीकडं जातील. बेंगलुरात गाड्या काय कमी हायत? तिथला मालक किल्ली दील आणि घरात बसंल. ही गोष्ट परक्यानं सांगायची न्हाई, वैनी. तुमीच सांगा.’ एवढं बोलून तो चहा आणायला म्हणून आत निघून गेला. मुद्दामच गेला, चहा मागितला होता कुणी?

हे रुमालाला हात पुसत आले. शिट्टी वाजवत होते. आयुष्यात मी ह्यांना खूप काही सुनावलंय. वॉशरवरून, नातेवाइकांवरून, टॉवेल पलंगावर टाकण्यावरून. पण हे एवढं वाक्य काही निघेना.

‘अहो,’ मी म्हटलं, ‘गाडी चांगली आहे. पण तुम्ही चालवायची नाही.’

‘म्हणजे?’

‘तुम्ही गाडी चालवायची नाही. ही पण नाही आणि आपली पण नाही. आत्ता चौकात काय झालं? डोम्लूरला काय झालं होतं? मी घाबरते हो. तुमच्या शेजारी बसले की मी जीव मुठीत धरून बसते.’ मग मला रडू फुटलं आणि पुढचं काही धड बोलता आलं नाही.

मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं, चिडण्याची मला सवय आहे. हे हौद्याच्या कडेला टेकले. रुमालाची घडी घातली, ती मोडली, परत घातली.

‘डोम्लूरचं मला आठवतंय,’ ते म्हणाले. ‘तू नसतानासुद्धा झालंय. त्या दिवशी चिकपेटेच्या बाजारात नवे डबे आणायला गेलो होतो ना? उशीर झाला, ट्रॅफिक होतं म्हटलं तुला. ट्रॅफिक नव्हतं. एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो होतो, आठवेपर्यंत. दुकानदारानं पाणी दिलं.’

‘मग तरी पिकअप? कळत असूनही?’ मी ओरडलेच.

‘म्हणून तर,’ ते म्हणाले. ‘मला वाटलं, रोज एकच रस्ता असेल तर तो नाही जायचा डोक्यातून. राजाजीनगर ते मारतहळ्ळी, मारतहळ्ळी ते राजाजीनगर. रोज घोकल्यासारखं होईल. बाकीचं गेलं तरी तेवढं राहील.’

त्या सगळ्या सकाळी, तो चष्मा कपाळावर, ते हौद्याचे फोटो, मला वाटत होतं माणूस कामाला लागला. आणि हे एकटेच त्या विसरण्याशी झुंजत होते. मी बाहेरून दार लावून घेतलं होतं आणि ह्यांनी आतून.

मालक तीन पेले घेऊन बाहेर आला. हे उठून त्याच्याकडे गेले. चहा घेतला नाही. सरळ उभे राहून म्हणाले, ‘गाडी उत्तम आहे तुमची. इंजिनाला काही दोष नाही. पण मी घेत नाही. मला अलीकडे रस्ते आठवत नाहीत. मी गाडी चालवणं बरोबर नाही.’ मराठीतच म्हणाले. कारखान्यात रिपोर्ट द्यायचे तेव्हा त्यांचा आवाज असाच लागत असेल. मालकानं ‘हां सायेब’ म्हणून मान खाली घातली. मग सगळ्यांनी चहा घेतला. निपाणीबद्दल कुणी काही बोललं नाही.

निरोप घेऊन आम्ही आमच्या कारपाशी आलो. ह्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. मग वळसा घालून डावीकडे गेले, दार उघडलं आणि माझ्या जागेवर बसले. पट्टा लावला. हात मांडीवर ठेवले. मी बाहेर किल्ली घेऊन उभी.

मी वाकून म्हटलं, ‘अहो, मला कुठं येते गाडी?’

‘माहीत आहे,’ ते समोर बघत म्हणाले. ‘पण मी चालवणार नाही. तूच म्हणालीस ना?’